गाण्यातून गाण्यात (७) : चाराच्या घरात तिनाचा ठेका

बेसच्या अदलाबदलीचं आज राहू द्या. सेलूच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो सोडवल्याशिवाय मला पुढं जाववेना. ते म्हणतात, हाउसवरून टेक्नोवर आरामात जातो, पण हाउसवरून संबळ मिक्स लावला की स्क्रीनवर बीपीएम जुळलेला असूनही गोंधळ होतो.

आता संबळ म्हटल्यावर गोंधळ आलाच! पण प्रश्न खरा आहे. आपल्याकडच्या वरातीत हा उंबरा ओलांडावाच लागतो.

हाउसची किक मिनिटाला साधारण 120 ते 128 वेळा पडते. दोन किकमधल्या जागेचे चार सारखे भाग पडतात आणि हाय-हॅट त्यांवर वाजतं. संबळ-हलगीच्या बऱ्याच ठेक्यांत त्याच जागेचे तीन भाग असतात. म्हणजे किकवर किक चपखल बसली, तरी मधले ठोके मागं-पुढं पडणारच. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा नुसता कडकडाट.

भांडण वरच्या आवाजांचं आहे, किकचं नाही. म्हणून हाउसच्या ट्रॅकचा हाय आधी पूर्ण खाली घ्या, मिड निम्म्यावर आणा आणि 32 ठोके नुसती किक चालू द्या. 124 च्या लयीत हे जेमतेम साडेपंधरा सेकंद होतात. तेवढ्यात कान हाय-हॅट विसरतो. मग पुढच्या फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावर संबळ सोडा. नाचणाऱ्याचं पाऊल जिथं पडत होतं तिथंच पडतं, फक्त खांदे वेगळे हलायला लागतात.

स्क्रीनवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तिनाचा ठेका मोजताना सॉफ्टवेअर पुष्कळदा फसतं. 124 चं गाणं दीडपट धरून 186 दाखवतं, नाहीतर पाऊणपट धरून 93. त्यावर सिंक दाबलं की संपलंच. पायानं ताल धरा आणि टॅपचं बटण हातानं दाबून मोजा.

सरावाला पहिला ट्रॅक कुठला? मी चरणजित सिंगांचा लावतो. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकानं 1982 मध्ये भैरव, मालकंस, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. हाताशी रोलँडची तीन यंत्रं : 808, 303 आणि ज्युपिटर-8. शिकागोचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं 1987 मध्ये. म्हणजे तोच 303 आपल्या मुंबईत पाच वर्षं आधी राग आळवत होता! आपल्या कामाची गोष्ट अशी की त्यातला ठेका यंत्राचा आहे, तो हलत नाही. याउलट जागरणात रेकॉर्ड केलेला संबळ रंगात आला की पळतो. एक डेक स्थिर आणि एक पळता, असे दोन्ही लावा. सिंक बंद ठेवा आणि पळणाऱ्याला जॉगव्हीलवर बोट ठेवून आवरा. पंधरा दिवसांत कान तयार होतो. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी, तेव्हा तो वेळ हेडफोनचा.

पुढच्या आठवड्यात बेस, यात बदल नाही. तोवर ड्रम अँड बेसवाल्यांसाठी एक गणित : 130.5 चा ट्रॅक आणि 174 चा ट्रॅक एकत्र लावा. पहिल्याच्या तीन ठोक्यांत दुसऱ्याचे बरोबर चार बसतात. उडी नेमकी कुठल्या ठोक्यावर मारायची, ते शोधून कळवा.