विणलेल्या बाहुल्या
सुयांवर किंवा आकडीने लोकर, सूत वा कृत्रिम तंतूंचा धागा विणून आणि आत मऊ भरण घालून हाताने तयार केलेल्या बाहुल्या. कापडी बाहुली करताना आधीच तयार असलेले कापड बेतून शिवतात; विणलेल्या बाहुलीत मात्र कापड आणि आकार ही दोन्ही एकाच वेळी टाक्याटाक्याने घडत जातात. त्यामुळे शिवण कमी लागते, बाहुली लवचिक होते व लहान मुलाच्या मुठीत सहज दबते. दोन सुया, थोडी उरलेली लोकर आणि मूठभर भरण एवढ्या सामग्रीवर ती घरी करता येते. एका लहान बाहुलीस अनेक तास लागत असल्याने विक्रीतून त्या श्रमांचा पुरता मोबदला क्वचितच मिळतो. म्हणून ही बाहुली मुख्यत्वे भेट देण्यासाठी केली जाते. बाहुलीप्रमाणेच तिची कृतीही विणणाऱ्या स्त्रिया एकमेकींना देत आल्या आहेत. अनोळखी मुलाच्या हाती बाहुली निर्धोक राहिली पाहिजे आणि अनोळखी विणणारीला कृती उलगडली पाहिजे, या दोन कसोट्यांवर या कलेचे यश अवलंबून असते.

इतिहास : मऊ बाहुल्या प्राचीन असल्या, तरी धागा व कापड नाशवंत असल्याने त्यांचे जुने नमुने फार थोडे उरले आहेत. ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेली, जाड्याभरड्या लिननच्या कापडात चिंध्या व पपायरसचे तुकडे भरून केलेली रोमन काळातील एक बाहुली ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे; ती इ. स. पहिल्या ते पाचव्या शतकांदरम्यानची समजली जाते. ती विणलेली नसून शिवलेली आहे. दोन वा अधिक सुयांवरील विणकामाचे सर्वांत जुने उपलब्ध नमुनेही ईजिप्तमध्येच मिळाले आहेत. हे निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे अवशेष असून ते सु. अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जातात. त्यांपूर्वीचे काही मोजे वरकरणी विणलेले दिसले, तरी ते एकाच सुईने फास गुंफून केलेले आहेत.

यूरोपात विणकाम दीर्घकाळ मोजे, टोप्या व अंगरखे यांपुरते उपजीविकेचे साधन होते. त्याची कृती हाताखाली बसून शिकली जाई. इंग्रजीतील मोज्यांची सर्वांत जुनी छापील कृती १६५५ मधील एका ग्रंथात आढळते. परंतु विणकामाच्या पुस्तकांची प्रथा रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. एडिंबरो येथील जेन गॉगेन यांचे पुस्तक १८४० मध्ये, तर फ्रान्सेस लॅम्बर्ट यांचे १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले. गॉगेन यांनी टाक्यांसाठी संक्षिप्त खुणा योजिल्या, त्यामुळे लांबलचक वर्णनाऐवजी थोडक्या जागेत कृती लिहिता येऊ लागली. पुढे स्त्रियांच्या नियतकालिकांतून व लोकर-उत्पादकांच्या पत्रकांतून कपड्यांबरोबर खेळण्यांचे नमुनेही छापले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कपड्यांवर व विणकामाच्या लोकरीवर नियंत्रण होते (१९४१–४९). खेळण्यांचाही तुटवडा असल्याने जुने स्वेटर उसवून निघालेल्या लोकरीच्या बाहुल्या घरोघरी करण्यात आल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एलिझाबेथ झिमरमन (१९१०–९९) यांनी अमेरिकेत शिवणरहित, गोलाकार विणकामाचा प्रसार केला. ब्रिटनमध्ये जीन ग्रीनहाउ यांची केवळ विणलेल्या खेळण्यांना वाहिलेली पुस्तके लोकप्रिय झाली. जपानमधील ‘आमिगुरुमी’ हा प्रकार बहुधा आकडीने विणतात. ‘विणणे’ व ‘भरलेले खेळणे’ या अर्थांच्या जपानी शब्दांवरून हे नाव बनले आहे. मोठे डोके, आखूड हातपाय आणि चेहऱ्यावर मोजकेच अवयव ही त्याची वैशिष्ट्ये असून एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो जगभर पसरला. पेरू देशात बोटांत घालावयाच्या विणलेल्या छोट्या बाहुल्या विक्रीसाठी केल्या जातात. बांगलादेशातही ग्रामीण स्त्रियांना विणलेल्या खेळण्यांच्या निर्यातीतून रोजगार मिळाला आहे.

भारतात सुयांवरील विणकामाचा प्रसार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा व यूरोपीय स्त्रिया यांच्याद्वारे झाला. महाराष्ट्रात मुलींच्या खेळात लाकडी ठकी आणि चिंध्यांची बाहुली या पूर्वापार होत्या. भातुकली व बाहुला-बाहुलीचे लग्न हे खेळ त्यांच्यावरच चालत. लोकरीचे विणकाम येथे रुजले ते मुख्यतः बाळंतविड्याच्या निमित्ताने. टोपडे, मोजे, स्वेटर अशा वस्तू आजी, मावशी, आत्या किंवा शेजारीण विणून देत असे. यातूनच उरलेल्या लोकरीची बाहुली करण्याची प्रथा सुरू झाली. त्यामुळे येथील विणलेली बाहुली जुन्या बाहुलीखेळापेक्षा बाळाच्या कपड्यांच्या परंपरेशी अधिक जवळची आहे.

साहित्य : बाहुलीसाठी मध्यम जाडीचा, समान पिळाचा धागा उत्तम. शुद्ध लोकर लवचिक असते. पण गरम पाण्यात चोळून धुतल्यास ती आटते व तिची वीण लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट होते. शिवाय तिला कसर लागण्याचा संभव असतो. ॲक्रिलिक धागा स्वस्त, टिकाऊ व धुण्यास सोपा असतो. सुती धागा उष्ण हवेत व तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलांसाठी सोयीचा. मात्र तो कमी ताणला जात असल्याने टाके एकसारखे घालावे लागतात. केसाळ धागा दिसण्यास आकर्षक असला, तरी त्याचे तंतू सुटून बाळाच्या तोंडात जातात, म्हणून तो टाळतात. भरणासाठी पॉलिएस्टरचे तंतू वापरतात. ते धुतल्यावर लवकर वाळतात. साधा किंवा सावरीचा कापूस धुतल्यानंतर गोळा होतो व बराच वेळ ओलसर राहतो.

कपड्यासाठी धाग्याला जी सुई योग्य, तिच्याहून एक-दोन क्रमांकांनी बारीक सुई बाहुलीसाठी घेतात. वीण सैल असल्यास भरण टाक्यांतून बाहेर डोकावते व मुलाच्या बोटांनी ओढले जाते. वीण घट्ट असणे ही येथे केवळ सौंदर्याची नव्हे, तर सुरक्षिततेची बाब आहे.

कृती : सर्व ओळी सुलट विणल्यास दोन्ही बाजूंनी सारखी, उंचवटे असलेली व ताणली जाणारी वीण तयार होते. एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणल्यास पुढील बाजू गुळगुळीत येते. चेहऱ्यासाठी हीच वीण पसंत करतात.

नवशिक्या व्यक्तीस एका सलग पट्टीची बाहुली सर्वांत सोपी. १० सेंमी. रुंदीत सु. २४ टाके व तितक्याच लांबीत ३२ ओळी बसतील अशी वीण धरल्यास, ३२ टाके घालून पुढीलप्रमाणे विणतात : बुटांसाठी ६ ओळी, विजारीसाठी १८, अंगरख्यासाठी १४, चेहऱ्यासाठी १२ व टोपीसाठी १४. प्रत्येक भागाचा रंग निराळा असतो. टोपीच्या अखेरीस दोन-दोन टाके एकत्र विणून ३२ चे १६ व नंतर ८ टाके करतात आणि त्यांतून धागा ओवून आवळतात. अशी ६४ ओळींची पट्टी सु. १३ सेंमी. रुंद व २० सेंमी. लांब होते, तिला २५ ग्रॅमपेक्षा कमी धागा पुरतो. पट्टीच्या कडा मागील बाजूस जोडून भरण घालतात व तळ शिवून टाकतात. चेहरा व अंगरखा यांच्या सीमेवर धावदोरा घालून तो आवळला, की मान तयार होते. विजारीच्या मधोमध आरपार टाके घातल्यास दोन पाय, तर अंगरख्याच्या दोन्ही बाजूंस तसेच टाके घातल्यास हात सुटे दिसू लागतात.

वेगळे हातपाय हवे असल्यास दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या सुईवर ४ ते ६ टाके घालतात. ओळ संपल्यावर काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाशी सरकवून व धागा मागून ओढून पुढील ओळ विणतात. यामुळे शिवणीविना गोल दोरी तयार होते. आमिगुरुमीत धाग्याच्या सैल फासात पहिले टाके घालून फास आवळतात व सर्पिल फेऱ्यांनी गोळा वाढवीत नेतात. फेरीचा आरंभ हरवू नये म्हणून तेथे निराळ्या रंगाचा खुणेचा धागा ठेवतात.

भरण एकदम न कोंबता लहान लहान पुंजक्यांनी घालतात. मानेत ते कमी पडल्यास काही दिवसांच्या खेळानंतर डोके लुळे पडते. ही नेहमी आढळणारी उणीव आहे. चेहऱ्याचे अवयव भरण घातल्यानंतर भरतात, कारण भरणाने वीण ताणली जाऊन डोळ्यांतील अंतर बदलते. डोळ्यांच्या जागी आधी टाचण्या लावून पाहतात व जागा निश्चित झाल्यावर त्या मोजून काढून घेतात.

सुरक्षितता : तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीस मणी, गुंड्या किंवा प्लॅस्टिकचे डोळे लावू नयेत, डोळे, नाक व तोंड धाग्यानेच भरावे. मागे चकती बसविलेले डोळेही ताणलेल्या विणीतून निसटू शकतात. सुटा भाग घशात अडकण्याजोगा आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी खेळण्यांच्या चाचण्यांत ३१·७ मिमी. व्यासाची नळी वापरतात. तिच्यात मावणारा भाग लहान मुलासाठी धोक्याचा समजतात. केसांसाठी लांब मोकळे धागे ठेवल्यास ते बोटांना वा गळ्याला गुंडाळले जातात, म्हणून केस आखूड ठेवून प्रत्येक धागा टाचतात. एक वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतेच मऊ खेळणे ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. भारतात विक्रीच्या खेळण्यांना ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०’ हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. घरगुती भेटीची अशी तपासणी होत नसल्याने तिच्या बाबतीत करणारीचा विवेक हीच एकमेव तपासणी ठरते.

कृतींची देवघेव : विणकामाची पुष्कळ उपयुक्त माहिती छापील नमुन्यांत नसते. धाग्याचे टोक कोठे लपवावे, रंग बदलताना भोक कसे टाळावे, दोन्ही पाय सारख्या लांबीचे कसे करावेत यांसारख्या गोष्टी एकत्र बसून विणणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यातून पसरतात. समोरासमोर शिकताना चूक लगेच दिसते. लिखित कृती दूर जाते, तेव्हा मात्र परिभाषेचा घोटाळा उद्‌भवतो. भारतात प्रचलित असलेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत सुईचा क्रमांक जसा वाढतो, तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत ती जाड होते. ब्रिटिश १० क्रमांकाची सुई ३·२५ मिमी., तर अमेरिकन १० क्रमांकाची ६ मिमी. जाडीची असते. क्रमांकावर विसंबून दुसरी घेतल्यास बाहुलीची वीण जाळीसारखी विरळ होईल. तसेच ब्रिटिश नमुन्यातील ‘डबल क्रोशे’ हा टाका अमेरिकन नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ म्हणून ओळखला जातो. म्हणून चांगल्या नमुन्यात सुईची जाडी मिलिमीटरांत, धाग्याची जात व वजन, १० सेंमी. मधील टाके व ओळी आणि बाहुलीची तयार उंची दिलेली असते. प्रत्येक ओळीअखेर एकूण टाके लिहिल्यास चूक तत्काळ सापडते. नमुना दुसरीकडून मिळालेला असल्यास मूळ रचनाकाराचा उल्लेख करणे व त्याच्या अनुमतीविना तो छापून न वाटणे हा संकेत आहे. छापील नमुन्यांना स्वामित्वहक्काचे संरक्षणही असते.

भेट म्हणून महत्त्व : बाहुलीची भेट व कृतीची देवघेव यांचा संयोग कॅनडातील ‘इझी’ बाहुल्यांत स्पष्ट दिसतो. मार्क इझफेल्ड हा कॅनडाच्या सैन्यातील अभियंता-सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर क्रोएशियात होता. उद्ध्वस्त घराच्या ढिगाऱ्यावर पडलेल्या एका बाहुलीचे त्याने पाठविलेले छायाचित्र पाहून त्याची आई कॅरल हिने खिशात मावतील अशा छोट्या बाहुल्या करून त्याच्याकडे पाठविल्या व तो त्या तेथील मुलांना देऊ लागला. जून १९९४ मध्ये सुरुंग काढण्याच्या कामी असताना स्फोटात त्याचा मृत्यू झाला. आईने बाहुल्या करणे थांबविले नाही. त्याच्या सहकारी सैनिकांनी त्याच्या टोपणनावावरून त्यांना ‘इझी’ बाहुल्या असे नाव दिले. कृती सर्वत्र पोहोचल्याने कॅनडातील असंख्य स्त्रिया निळ्या टोपीचा मुलगा व वेण्या घातलेली मुलगी विणू लागल्या. पुढे आय-क्रॉस कॅनडा या संस्थेने आफ्रिकेकडे जाणाऱ्या औषधांच्या खोक्यांतील रिकाम्या जागी याच बाहुल्या भरून पाठविल्या. औषधाच्या बाटल्यांना त्यांचा आधार मिळाला आणि खोके उघडल्यावर त्या आजारी मुलांना देण्यात आल्या. अशी बाहुली यशस्वी झाली, कारण ती लहान, साधी, बिनमण्यांची व धुता येण्यासारखी होती आणि तिची कृती नवशिक्या व्यक्तीसही जमणारी होती.

यंत्रोत्पादित मऊ खेळणी स्वस्त व मुबलक झाल्यानंतरही हातविणीच्या बाहुल्या केल्या जात आहेत. हाती खेळून झिजलेली बाहुली सहसा जपून ठेवली जात नाही. म्हणून वस्तुसंग्रहालयांत त्यांचे प्रमाण अल्पच राहील. ही कला टिकून आहे ती मुख्यतः नीट लिहिलेल्या व हातोहात दिलेल्या कृतींमुळे.