आईला तमाशाला न्याल?

लेण्याद्रीच्या पायऱ्या तुम्ही घरच्यांसोबत चढला असाल. आजीला मध्येच टेकवत, माकडांपासून पिशवी सांभाळत, थेट लेण्यातल्या गिरिजात्मजापर्यंत. तिथून वीसेक किलोमीटरवर नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. तमाशाही गणपतीच्या गणानंच सुरू होतो. पण तिकडे आजीला कुणी नेत नाही, आईला तर नाहीच.

मोबाइलवर 'लावणी' टाकलं की जे रील येतात, त्यावरून तमाशाचं मत बनवू नका. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि बाईच्या वेशातला पुरुष, म्हणजे मावशी. हे बघून तुमची आजी आधी पदर तोंडाला लावेल आणि मग सगळ्यांत मोठ्यानं हसेल. पुढे बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. सोंगाड्या गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत कुणालाच सोडत नाही. आता ढोलकीशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतो. मला तो फारसा आवडत नाही, पण ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी सुरू झाली की त्याचा आवाज कुणाच्या कानात शिरतो?

हलगी वाजवायच्या आधी विस्तवावर शेकतात, कातडं ताणलं जातं आणि मग तो कडक आवाज निघतो. आयर्लंडमध्ये तिच्यासारखंच एक वाद्य आहे, बाउरॉन. लाकडी कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, वाजवायला छोटी काठी. तिथे १९५१ साली पारंपरिक संगीताचा मेळा सुरू झाला. त्यात बारा वर्षांखालच्या पोरांचा वेगळा गट असतो. आजोबा, नातवंडं, सगळं घर ऐकायला जातं. आपल्याकडे हलगीवाला मिरवणुकीत हवा असतो, पण त्याच्यासमोर घरच्यांना घेऊन बसायचं म्हटलं की 'लोक काय म्हणतील'.

हे 'लोक काय म्हणतील' फक्त शृंगारामुळे येतं, असं मला वाटत नाही. वाजवणारे, नाचणारे कोणत्या वस्तीतून आले, हेही त्यामागे आहे. पठ्ठे बापूराव मूळचे कुलकर्णी. तमाशात गेले म्हणून त्यांच्या समाजानं त्यांना दूर केलं. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळालं. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, रंगमंचामागे बाळंत होऊन त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, हा किस्सा आजही सांगितला जातो. शेवटची वर्षं मात्र त्यांनी पैशाच्या ओढाताणीत काढली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन घासाघीस करतात, तारीख धरतात, सुपारी देतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. कलावंतांनी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामात फिटायची असते. २०२० आणि २०२१ असे सलग दोन चैत्र करोनात गेले, यात्रा भरल्याच नाहीत. कर्ज मात्र थांबलं नाही. त्यात 'तमाशा नको, ऑर्केस्ट्रा आणा' असं म्हणणारी पोरं आपल्याच वयाची.

म्हणून यंदा जुन्नर-आंबेगावात कुणा मित्राच्या गावची यात्रा असेल तर घरच्यांना घेऊन जा. यात्रेतल्या तमाशाला तिकीट नसतं, गावाच्या वर्गणीतून सुपारी दिलेली असते. सतरंजी आणि शाल घ्या, चैत्रातही पहाटे गार वाटतं. गण चुकवू नका. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असते, त्यामुळे जास्त वेळेची परवानगी आहे का ते आधी विचारा. नसेल तर वग आटोपता घेतात आणि अर्धी मजा जाते. शिट्ट्या मारणारं टोळकं असणारच, आईला घेऊन बायकांच्या घोळक्यात बसा. अजून तीन-चार जणांनी आया आणल्या तर तो घोळका मोठा होईल.

आणि रात्रीचं घरी पटतच नसेल, तर यात्रेची पत्रिका नीट वाचा. 'रात्री लोकनाट्य तमाशा'च्या खाली बऱ्याचदा एक ओळ असते: 'सकाळी हजेऱ्या'. रात्रभर जागलेले तेच कलावंत उन्हात, गावासमोर पुन्हा गातात. मग दुपारी कुस्त्या. हजेरीला आजीही येईल, देवदर्शन उरकून.