आधी कागद घ्या, किट राहू द्या

गैरसमज : ‘जलरंग शिकायचेत ना? आधी स्वस्तातलं स्टार्टर किट घ्या, हात बसला की चांगलं सामान आणा.’

हा सल्ला इतक्यांदा कानावर पडतो की आता वैताग येतो. चोवीस ट्यूबा, डझनभर ब्रश, पॅलेट आणि एक पॅड असा भरगच्च डबा पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. जरा ते पॅड उघडून त्यावर आकाश रंगवून पाहा.

वस्तुस्थिती : जलरंगात हाताइतकंच काम कागद करतो. चांगला कागद कापसाच्या तंतूंचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा आणि जिलेटिनसारख्या सरसाचा हात दिलेला असतो. सरसामुळे पाणी लगेच आत मुरत नाही. रंग वर खेळता राहतो, शेजारच्या रंगात मिसळतो, चुकला तर ओल्या ब्रशने उचलता येतो. स्वस्त किटमधला लगद्याचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याला लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खालपर्यंत नेईतो वरची कड वाळून रेघ उमटते. ती घालवायला ब्रश फिरवला की कागदाचा भुगा सुटतो. शिकणारा मात्र म्हणतो, ‘माझ्या हातातच कला नाही.’ नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण त्याला ऐकवतो. इथे अंगण खरंच वाकडं आहे हो!

‘पण महागडा कागद नवशिक्याने वाया का घालवायचा?’ बावीस बाय तीस इंची तावाचे साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात. दोन्ही बाजू वापरल्या तर सोळा अभ्यासचित्रं. रंगांच्या मिश्रणाचे नमुने करायला साधा कागद खुशाल वापरा. ओल्यावर ओलं काम शिकताना मात्र काटकसर नको.

आता बाकीचे गैरसमज.

‘चोवीस रंग म्हणजे जास्त रंग.’ चांगल्या ट्यूबेवर रंगद्रव्याचा कलर इंडेक्स क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीनचा पीबी २९. कलर इंडेक्स ही सूची १९२५पासून प्रसिद्ध होते आहे. क्रमांक ताडून पाहा : सेटमधले कित्येक हिरवे म्हणजे तयार निळा अधिक पिवळा. सहा-सात नीट निवडलेल्या ट्यूबा पुरतात.

‘नैसर्गिक केसांचाच ब्रश हवा.’ चांगला सिंथेटिक गोल ब्रश नवशिक्याला पुरेसा आहे. मुंगसाच्या केसांच्या ब्रशचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली बेकायदा आहे.

‘आठ नंबर म्हणजे आठ नंबर.’ प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा. दुकानात ब्रश भिजवून झटका. टोक एकवटलं तरच घ्या.

‘हातकागद म्हणजे जलरंगाचा कागद.’ सरस नसेल तर तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो.

‘सेट म्हटला की टाकाऊच.’ हेही खोटं. नामांकित कंपनीचा विद्यार्थी दर्जाच्या बारा वड्यांचा डबा सुरुवातीला छान चालतो. आक्षेप आहे तो आकडे फुगवायला कोंबलेल्या ब्रशांना आणि पॅडला.

म्हणून खर्चाचा क्रम कागद, ब्रश, रंग असा ठेवा. डब्याच्या पैशांत एक ताव, एक ब्रश आणि तीन ट्यूबा आल्या तरी सुरुवात करा. चौथी ट्यूब पुढच्या महिन्यात आणली तरी काही बिघडत नाही.