पाणी मृदू करण्यासाठी मीठ कोणते निवडावे?

दख्खनच्या पठाराचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी वाटेत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. म्हणून विहिरीचे व विंधन विहिरीचे पाणी अनेक गावी जड असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि बंबाच्या तळाशी पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकारार्ह आहे; दुसरी सोय नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. अशा पाण्यावर उपाय म्हणून खेड्यांतील घरांतही आता पाणी मृदू करणारी यंत्रे बसू लागली आहेत. यंत्र घेताना जी चौकशी होते, ती त्यात घालावयाच्या मिठाची मात्र होत नाही.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या टाकीत कृत्रिम राळेचे बारीक मणी असतात व त्यांवर सोडियम धरलेले असते. जड पाणी त्यांतून गेले की मणी चुना व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याऐवजी सोडियम पाण्यात सोडतात. काही दिवसांनी मण्यांवरील सोडियम संपते. मग त्यांतून मिठाचे दाट पाणी सोडावे लागते. त्यामुळे चुना निघून जातो व मणी पुन्हा कामास येतात.

मिठाचे प्रकार

मिठागरातील न धुतलेले खडे मीठ सर्वांत स्वस्त पडते; पण त्यात माती, वाळू व काही प्रमाणात चुन्याचे व मॅग्नेशियमचेच क्षार असतात. जे काढावयाचे तेच मिठातून परत घालणे हा तोटाच होय. शिवाय गाळाने नळ्या तुंबतात. सैंधवातही न विरघळणारा मातीचा अंश राहतो. स्वयंपाकातील बारीक मीठ शुद्ध असते, परंतु मिठाच्या टाकीत ते घट्ट होऊन त्याचे कवच बनते. बादलीत पूर्ण विरघळवून हाताने ओतावयाचे असेल तर ते चालते. टाकीसाठी शुद्ध मिठाच्या दाबून केलेल्या वड्या उत्तम. त्या न मिळाल्यास धुतलेले, कोरडे, पांढरे जाड मीठ घ्यावे. पालाशयुक्त खताचे पोते यंत्रासाठी कधीही फोडू नये. तांबड्या पोटॅशमधील लोह राळेस अपायकारक असते.

घरगुती परीक्षा

काचेच्या बाटलीत अर्धा लिटर पावसाचे पाणी घेऊन त्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवावे व रात्रभर ठेवावे. तळाशी गाळ बसल्यास ते मीठ नाकारावे. गाळ नसल्यास त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा. पाणी दुधाळ झाले तर मिठात चुना आहे असे समजावे. विहिरीचे पाणी या परीक्षेस घेऊ नये, कारण ते स्वतःच दुधाळ होईल.

यंत्राचे मीठ बहुधा आयोडीनविरहित असते. असे मीठ खाण्यासाठी विकण्यास कायद्याने मनाई असून ती २००६ साली देशभर लागू झाली. म्हणून ही गोणी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावी.

मीठ शेवटी जाते कोठे?

रोज ३०० लिटर पाण्यातून लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा काढणाऱ्या घरास दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम मीठ लागते, असे धरून चालावे. वर्षाचे ते जवळजवळ ११० किलो होते व त्यात सुमारे ४३ किलो सोडियम असते. मीठ कितीही शुद्ध असले तरी हे सोडियम नाहीसे होत नाही. काही मृदू पाण्याबरोबर, तर उरलेले यंत्र धुतलेल्या खाऱ्या पाण्याबरोबर बाहेर पडते. ते वर्षानुवर्षे परसबागेतील काळ्या जमिनीत मुरले, तर मातीची कणरचना मोडते, निचरा बंद होतो व जमीन चोपण होते. एकदा चोपण झालेली जमीन जिप्सम व निचऱ्याच्या उपायांनी सुधारण्यास पुष्कळ खर्च व काळ लागतो.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी. परसबाग, रोपवाटिका व जनावरांचे पाणी यंत्राच्या अलीकडील नळावरून घ्यावे. पिण्याचा नळही शक्यतो अलीकडेच ठेवावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मृदू पाणी पिण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. खारे पाणी विहिरीजवळ, शोषखड्ड्यात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नये. गावच्या बंदिस्त गटारास जोडावे. जेथे तशी सोय नाही, तेथे सर्व घराचे पाणी मृदू करण्याचा मोह टाळून केवळ न्हाणीचे व धुण्याचे पाणी मृदू करावे व तेही सांडपाणी झाडांना न देता. मीठ जितके कमी लागेल तितकी जमीन सुरक्षित राहील, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र बसविण्यापूर्वीच शेतकरी कुटुंबास समजावून द्यावी.