‘व्हर्टिगो’ पाहिलात? मग ‘पाठलाग’ही बघा!

रत्नागिरीकरांनो, ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि आपला ‘पाठलाग’ (१९६४) लागोपाठ बघा. दोन्हींत मेलेल्या बाईचा चेहरा पुन्हा समोर येतो! ‘व्हर्टिगो’त दिग्दर्शक हिचकॉक रहस्य शेवटाच्या बरंच आधी फोडतो; तिथे मजा गेली, असं बरेच जण म्हणतात. मला उलट तिथूनच किम नोव्हाकची घालमेल भिडते. ‘पाठलाग’चे दिग्दर्शक राजा परांजपे मात्र पत्ते शेवटपर्यंत झाकून ठेवतात. पिंजऱ्यातली आरोपी म्हणते, मी तुमचीच बायको. आणि वकील नवरा तिचीच उलटतपासणी घेतो. आपली नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तो वकील म्हणजे आपल्या चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर! मूळ कादंबरी जयंत देवकरांची. ‘पाठलाग’वरूनच १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ आला. बघा, पण शेवट कुणाला सांगू नका.