लिजिओनेला न्यूमोफिला

लिजिओनेला न्यूमोफिला हा गोड्या पाण्यात व ओलसर परिसरात आढळणारा, काठीच्या आकाराचा ग्रॅम-ऋण जिवाणू आहे. त्याच्या संसर्गामुळे मानवास लिजनेअर रोग हा तीव्र न्यूमोनिया किंवा पाँटिअॅक ज्वर हा सौम्य, आपोआप बरा होणारा ताप येतो. लिजिओनेला प्रजातीत साठांहून अधिक जाती असून मानवी संसर्गाच्या दृष्टीने ही जाती सर्वांत महत्त्वाची आहे.

शोध व नामकरण

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर २२१ जण आजारी पडले व ३४ जणांचा मृत्यू झाला. इन्फ्लुएंझा, विषबाधा अशा अनेक शक्यता तपासूनही कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड व चार्ल्स शेपर्ड यांनी रुग्णांच्या फुप्फुसांच्या ऊतींतून आलेला हा जिवाणू ओळखला. १९७९ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. ‘न्यूमोफिला’ म्हणजे फुप्फुसप्रिय. जतन केलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून १९६८ मधील पाँटिअॅक (मिशिगन) येथील तापाच्या साथीचाही उलगडा झाला. जिवाणू नवा नव्हता. त्याची ओळख नवी होती.

अधिवास व प्रसार

नद्या व तलावांत हा जिवाणू अल्प प्रमाणात असतो. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात, विशेषतः गाळ, गंज व शेवाळी थर असलेल्या टाक्या आणि नळांत, त्याची वाढ होते. मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर, गरम पाण्याच्या वाहिन्या, शॉवर व कारंजी ही संसर्गाची प्रमुख ठिकाणे आहेत. दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास किंवा पाणी पिताना ते श्वासनलिकेत उतरल्यास संसर्ग होतो. माणसाकडून माणसाकडे तो सहसा पसरत नाही.

विदर्भात, उदाहरणार्थ वाशीम जिल्ह्यातील जऊळका परिसरात, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी उन्हात ठेवलेल्या टाकीतील पाणी या जिवाणूला पोषक तापमानापर्यंत तापू शकते. घरगुती कूलरमध्ये मात्र बाष्पीभवनामुळे पाणी थंड राहते व तुषारही सहसा उडत नाहीत; त्यामुळे त्याचा धोका कूलिंग टॉवरपेक्षा कमी मानला जातो. तरीही कूलरचे पाणी बदलणे व टाकी धुणे आवश्यक असते.

रोगनिर्मिती

पाण्यात हा जिवाणू अमीबांच्या पेशींत शिरून वाढतो. फुप्फुसांतील भक्षक पेशींशीही तो तसाच वागतो. भक्षक पेशीने गिळल्यावर नष्ट होण्याऐवजी तो आपली शेकडो प्रथिने पेशीत सोडतो, पचनाची प्रक्रिया रोखतो आणि स्वतःभोवतीच्या पोकळीत गुणन करतो. शेवटी पेशी फुटून नवे जिवाणू बाहेर पडतात.

लक्षणे, निदान व उपचार

लिजनेअर रोगाची लक्षणे संसर्गानंतर बहुधा २ ते १० दिवसांत दिसतात. तीव्र ताप, खोकला, धाप, स्नायुदुखी यांबरोबर अतिसार व मानसिक गोंधळही संभवतो. वृद्ध, धूम्रपान करणारे, फुप्फुसांचे जुने विकार असलेले व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना अधिक धोका असतो.

हा असामान्य न्यूमोनिया समजला जातो, कारण त्याचा जिवाणू नेहमीच्या तपासणीत सहज सापडत नाही. त्याच्या वाढीसाठी सिस्टीन व लोहयुक्त विशेष माध्यम लागते. लघवीतील प्रतिजन चाचणी जलद असली तरी मुख्यतः सीरमगट १ ओळखते. त्यामुळे ती नकारात्मक आली तरी रोग नाकारता येत नाही. जिवाणू पेशींच्या आत असल्याने पेनिसिलीन वर्गातील औषधे निरुपयोगी ठरतात. अॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन वापरतात. म्हणूनच निदानाचा संशय वेळीच येणे रुग्णाच्या जिवासाठी निर्णायक ठरते. योग्य उपचार उशिरा मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते.

प्रतिबंध

या रोगावर लस उपलब्ध नाही. गरम पाणी ६० अंशांवर साठवणे, थंड पाणी २० अंशांखाली ठेवणे, पाणी साचू न देणे, टाक्या व कूलिंग टॉवर नियमित स्वच्छ करून क्लोरिनसारख्या जंतुनाशकाची मात्रा राखणे हे मुख्य उपाय आहेत. बरेच दिवस बंद असलेल्या इमारतीतील नळ वापरापूर्वी काही काळ वाहू द्यावे लागतात.