मॅगव्हीलवर ओरखडा न पाडता टायर कसा बसवायचा? टायरच्या धंद्यातला खरा नफा इथेच आहे



टायरचं दुकान टाकायचा विचार करताय? मग आधी ही गोष्ट समजून घ्या. पूर्वी गाडीला लोखंडी डिस्क असायची आणि वर प्लास्टिकची टोपी. टॉमीचा वळ उठला तरी तो टोपीखाली झाकून जायचा. आता आपल्या जामनेरमध्येसुद्धा कापसाचे पैसे हातात आले की पोरं पहिलं काम काय करतात? गाडीला मॅगव्हील, म्हणजे अलॉय, टाकतात. अलॉय झाकलेलं नसतं. ते दिसावं म्हणूनच घेतलेलं असतं.

आता हिशोब करा. समजा एका टायरमागे तुमच्या हातात १०० रुपये उरतात आणि एक ओरखडा काढून पॉलिश-रंग करायला २,००० रुपये लागले. म्हणजे २० टायर तुम्ही फुकट बसवले. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. शिवाय तालुक्याच्या गावात बोभाटा व्हायला एक चहाची टपरी पुरते.

जोर लागला की थांबा

टायरच्या कडेला, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारा असतात. बीड ताणत नाही. मग तो रिमच्या कडेवरून आत जातो कसा? रिमच्या मधल्या भागात एक खोलगट पट्टा असतो. एका बाजूचा बीड त्या खोलगट भागात उतरला की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि तिथून तो सहज कड ओलांडतो.

ओरखडे पडतात ते बहुतेक वेळा इथेच. बीड खोलगट भागात उतरलेला नसतो आणि कारागीर मशीनचा पेडल दाबतच राहतो. मग एकतर रिमची कड सोलते, नाहीतर बीड फाटतो. म्हणून पोरांना एकच वाक्य पाठ करायला लावा: जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. थांबा, समोरची बाजू हाताने खाली दाबा, मग पुढे जा.

हा खोलगट पट्टा रिमच्या बरोबर मध्ये नसतो, एका कडेला जवळ असतो. ती बाजू वर ठेवून काम करायचं. बहुतेक रिममध्ये ती पुढची, दिसणारी बाजू असते. पण बाहेरून घेतलेल्या काही अलॉयमध्ये ती मागे असते. तेव्हा रिम पालथं ठेवावं लागतं आणि खाली रबरी चटई लागतेच.

कामाचा क्रम

१. टायर सोडवताना: आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा. बीड दाबायचं फावडं रिमच्या कडेला टेकवू नका, थोडं बाहेर, रबरावर ठेवा. एकाच जागी दाबू नका, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी दाबा. नव्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला हवेचा सेन्सर असू शकतो, म्हणून व्हॉल्व्हच्या आसपास फावडं नको.

२. चाक पकडताना: लोखंडी डिस्क आतून पकडतात, अलॉय बाहेरून. जबड्यांवर प्लास्टिकचे कव्हर हवेतच. मशीनच्या डोक्यावर आणि टॉमीवरही प्लास्टिकचं कव्हर लावा. हे झिजतात, फुटतात. दोन जोड शिल्लक ठेवा. त्यात खडा अडकला तर कव्हर असूनही ओरखडा पडतो, म्हणून दर चाकाला पुसून घ्या.

३. वंगण: टायरसाठी मिळणारी पेस्टच वापरा. ऑइल-ग्रीसने रबर खराब होतं आणि टायर रिमवर घसरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पेस्ट पटकन वाळते, तेव्हा बसवायच्या अगदी आधी लावा.

४. हवा भरताना: बीड जागेवर बसवायला ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. नाही बसला तर हवा सोडा, पुन्हा पेस्ट लावा. लांब नळी वापरा आणि चाकावर वाकून उभे राहू नका. पेट्रोल टाकून काडी लावायचा रस्त्यावरचा प्रकार आपल्या दुकानात कधीच नाही. यात माणूस जातो.

५. बॅलन्सिंग: पुढच्या कडेला ठोकायचं वजन लावू नका. आतल्या बाजूने चिकटवायचं वजन लावा, जागा आधी पुसून कोरडी करा.

६. नट: सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवट टॉर्क पान्याने करा. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. बाहेरच्या अलॉयला जुने नट बसतीलच असं नाही, नटाची बैठक जुळते का ते बघा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलवा. गिऱ्हाईक परत दुकानात येतं, हा वरचा फायदा.

कोणतं काम घ्यायचं नाही

टायरवरचा आकडा वाचायला शिका. २१५/६० आर १७ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. २२५/४५ असेल तर ती उंची जेमतेम १०१. बाजू जितकी ठेंगणी, तितकी ती कडक आणि रिमला धोका जास्त. मशीनला मदतीचा हात, म्हणजे बीड खाली दाबून धरणारी दांडी, नसेल तर असं चाक सरळ जळगावला पाठवा. "दादा, याला लागणारं मशीन आपल्याकडे नाही," असं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही. उलट पुढच्या वेळी साधा टायर घ्यायला तुमच्याकडेच येतं.

फोटो आधी, पाना नंतर

चाक खोलण्याआधी चारही रिमचे फोटो काढा आणि गिऱ्हाईकासमोर जुने ओरखडे दाखवा. फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण नंतरचा वाद मिटतो. तुमच्या पोराकडून ओरखडा पडलाच, तर तेही फोटोत दिसेल आणि भरून द्यावं लागेल. हे पोरांनाही माहीत असू द्या, हात आपोआप जपून चालतो.

आणि अलॉयचा दर वेगळा ठेवा. बोर्डावर लिहा. "जास्त कशाला?" असं कोणी विचारलं तर वाद घालू नका, प्लास्टिकचे कव्हर, पेस्ट आणि टॉर्क पाना दाखवा. आपल्या खान्देशातला माणूस पैशाला घट्ट आहे, पण समोर काम दिसलं की देतो.

या आठवड्यात एवढंच करा: एक जुनं भंगारातलं अलॉय आणा आणि त्यावर दहा वेळा टायर चढवा-उतरवा. दहाव्या वेळी कडेवर नवा ओरखडा नसेल, तेव्हाच बोर्डावर "अलॉय स्पेशल" लिहा.